कमी खर्चात पीसीपी एअर पिस्तूल: हवा भरणे, जुळवणी आणि देखभाल

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात उतरणाऱ्या नाशिकच्या नव्या नेमबाजापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर किंवा पार्दिनी अशा परदेशी बनावटीचे, एखाद्या ज्येष्ठ खेळाडूने वापरलेले पिस्तूल घेणे ही पहिली वाट. त्याहून बऱ्याच कमी किमतीचे, रेग्युलेटर (प्रत्येक नेमाला सारखाच दाब पुरवणारा भाग) नसलेले साधे पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारे, पिस्तूल नवे घेणे ही दुसरी. दोन्ही ठिकाणी पिस्तुलाची किंमत एकदाच मोजावी लागते, परंतु हवा, पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) आणि दुरुस्ती यांचा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो, आणि बचत करायची असेल तर ती याच चालू खर्चात करता येते. पैसा कोरड्या हवेवर, सिलिंडरच्या मुदतीवर आणि ट्रिगरवर खर्च करावा; वेग वाढवण्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे पुढे आकड्यांसह दिली आहेत.

प्रथम कायद्याची मर्यादा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणाऱ्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल ०.४५ ते ०.५३ ग्रॅम वजनाचे पेलेट सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने सोडते, म्हणजे त्याची ऊर्जा जेमतेम ५ ते ६ ज्यूल भरते. या लेखात जुळवणी हा शब्द एकसारखेपणा साधणे एवढ्याच अर्थाने वापरला आहे. कागदाला भोक पाडण्यासाठी सहा ज्यूलपेक्षा अधिक काही लागत नाही.

वापरलेले पिस्तूल घेताना सिलिंडरची तारीख पाहावी

पिस्तुलाखालच्या सिलिंडरवर निर्मितीची तारीख आणि भरण्याचा कमाल दाब, बहुधा २०० बार (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब), कोरलेला असतो. बहुतेक निर्माते सिलिंडरची मुदत दहा वर्षे धरतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरू नये याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूवरच असते. त्यामुळे पिस्तूल कितीही स्वस्त मिळत असले तरी त्याच्या किमतीत नव्या सिलिंडरची किंमत मिळवूनच सौदा करावा. सोबतचे दोन्ही सिलिंडर मुदतबाह्य असतील तर स्वस्त वाटणारा सौदा पुष्कळदा महाग पडतो. सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा किंवा आट्यांपाशी पांढरी भुकटी दिसली तर तारीख शिल्लक असूनही तो नाकारावा. अशा सिलिंडरला पॉलिश करणे किंवा लेथवर लावणे हा शुद्ध आततायीपणा होय.

हवा कोठून आणावी

साधारण १०० मिलिलिटर आकारमानाचा सिलिंडर ७० बारपासून २०० बारपर्यंत भरायचा असेल, तर त्यात बाहेरची सुमारे १३ लिटर हवा कोंबावी लागते. एवढ्या हवेत स्पर्धेचे पिस्तूल दीडशेहून अधिक नेम देते. हा १३ लिटरचा आकडा लक्षात ठेवला की पुढचे सगळे हिशेब त्यावरून मांडता येतात.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे तीन टप्प्यांचा हातपंप. गाडीच्या टायरचा पंप किंवा गॅरेजमधला कंप्रेसर येथे निरुपयोगी आहे, कारण तो आठ-दहा बारपलीकडे जात नाही. हातपंप वापरताना दंडाच्या जोराऐवजी सरळ हातांनी शरीराचा भार टाकावा, दट्ट्या प्रत्येक वेळी पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावा, कारण अर्धवट फेरीत शेवटच्या टप्प्याकडे हवा पोचतच नाही. पाचेक मिनिटांनी थांबून पंप हाताला कोमट लागेपर्यंत निवू द्यावा. तापलेल्या पंपाचे सील लवकर झिजते आणि त्या सीलची किंमत मोजताना स्वस्ताई आठवेनाशी होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ आहे, म्हणून तितक्याच टक्क्यांनी फेऱ्या अधिक माराव्या लागतात. हा फरक घामापुरताच आहे, पिस्तुलाला त्याचे काही वाटत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाच्या बाजूने ढग उतरलेले असताना हवा ओलाव्याने जवळजवळ भरलेली असते. त्या दिवसांतल्या १३ लिटर हवेत सुमारे ०.३ ग्रॅम पाणी असते, म्हणजे पाच-सहा थेंब. हवा दोनशेपट दाबल्यावर त्या सिलिंडरच्या आकारमानात तीनेक मिलिग्रॅमच पाणी वाफेच्या रूपात राहू शकते. उरलेले सगळे द्रवरूप होऊन पंपात, नळीत किंवा थेट सिलिंडरमध्ये उतरते. थंडीतल्या कोरड्या दुपारी हेच प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी ॲल्युमिनियमला आतून खाते, आणि रेग्युलेटरमधल्या वाटीच्या आकाराच्या पोलादी वॉशरांच्या चळतीला गंज चढवते. म्हणून हातपंपाला ओलावा अडवणारा गाळणीचा डबा लावणे ही चैन नसून गरज आहे. त्यातील सिलिका जेल रंग बदलणारे घ्यावे. रंग उतरला की मंद आचेच्या तव्यावर किंवा ओव्हनमध्ये तापवून ते पुन्हा वापरता येते, मात्र ते भांडे स्वयंपाकासाठी परत वापरू नये. पंपाचा निचरा-स्क्रू भरण्याच्या मधल्या विश्रांतीतही एकदा उघडून साचलेले पाणी फुंकून टाकावे. पावसाळ्यात तो उघडल्यावर बोटावर जो पांढुरका, दुधाळ फवारा येतो, तो पाण्याचा आणि पंपातल्या ग्रीसचा काला असतो. तो दिसेनासा होईपर्यंत पुढची फेरी सुरू करू नये.

चार-पाच नेमबाज एकत्र येणार असतील तर मोठी टाकी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. अग्निशमनात वापरतात त्या श्वसनसंचाची ६.८ लिटरची, ३०० बारची कार्बन धाग्यांची टाकी पूर्ण भरलेली असेल, तर ती २०० बारपर्यंत उतरेतोवर पिस्तुलाचा सिलिंडर चाळीस-पन्नास वेळा पूर्ण दाबाने भरता येतो, आणि त्यानंतरही थोड्या कमी दाबाने कितीतरी वेळा. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींत अग्निसुरक्षा साहित्याची देखभाल करणाऱ्या व्यावसायिकांकडे असे संच भरण्याची सोय आहे का, याची चौकशी करावी. श्वसनासाठी भरलेली हवा गाळलेली आणि कोरडी असते, हा तिचा मोठा फायदा. येथे २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ५०० मिलिलिटरपेक्षा मोठे पात्र या नियमांच्या व्याख्येत येते, म्हणजे पिस्तुलाचा छोटा सिलिंडर त्याबाहेर राहतो, परंतु टाकी मात्र नियमांत बसते. तिला पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता असावी लागते, जिचे मुख्यालय नागपूरला आहे, आणि ठरावीक मुदतीने तिची जलदाब चाचणी करून घ्यावी लागते. चाचणीची तारीख उलटलेली टाकी कोणताही जबाबदार माणूस भरून देणार नाही, आणि जो देईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

बाजारात मिळणारे छोटे विजेचे कंप्रेसर पिस्तुलाच्या सिलिंडरपुरते ठीक आहेत, पण त्यांच्याकडून मोठी टाकी भरून घेण्याची अपेक्षा ठेवणे म्हणजे ते यंत्र लवकर जाळणे आहे.

ऑक्सिजन कोणत्याही परिस्थितीत भरू नये. वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन सहज मिळतो आणि त्याचा दाबही पुरेसा असतो, त्यामुळे हा मोह कधीतरी कोणाला तरी होतोच. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा किंचित अंश एकत्र आला की ठिणगीवाचूनही स्फोट होऊ शकतो. कोणत्या टाकीत काय आहे याची शंभर टक्के खात्री नसेल तर तिला नळी जोडूच नये.

भरण्याची पद्धत

पिस्तुलाच्या घरात, म्हणजे पेलेट बसवण्याच्या जागेत, पेलेट नाही हे डोळ्यांनी पाहावे, घरात सुरक्षा-दोरी घालावी आणि मगच सिलिंडर पिस्तुलापासून सोडवावा. भरण्याच्या जोडाची ओ-रिंग नखाने फिरवून पाहावी. तिच्यावर चीर, सपाटी किंवा धूळ नसावी. सिलिंडर जोडावर फक्त हाताने आवळावा, पान्याने आवळू नये, कारण येथे गळती थांबवण्याचे काम ओ-रिंग करते, आट्यांचा ताण करत नाही. टाकीची चावी केसभर उघडून काटा सावकाश चढू द्यावा. ७० पासून २०० पर्यंत जायला निदान एक-दीड मिनिट लागावे. घाईने भरलेली हवा तापते, काटा २०० दाखवतो, आणि अर्ध्या तासाने सिलिंडर निवल्यावर तोच काटा १८० च्या आसपास आलेला दिसतो. पुष्कळ जण यालाच गळती समजतात. म्हणून २०० ला थांबून पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि उरलेली तूट भरून काढावी. टाकी ३०० बारची असेल तर काट्यावरून नजर हलवू नये, कारण २०० ला आपोआप थांबवणारे काहीही त्या नळीत नसते.

भरून झाल्यावर आधी टाकी बंद करावी, मग निचरा-स्क्रूने नळीतला दाब सोडावा, आणि त्यानंतर सिलिंडर फिरवावा. तो हाताने सहज सुटत नसेल तर आत दाब शिल्लक आहे असेच समजावे. अशा वेळी पक्कड आणायला जाणारा माणूस धोक्याच्या दिशेने चाललेला असतो. भरलेला सिलिंडर एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. २५ अंशांवर २०० बार असलेला सिलिंडर ४५ अंशांवर २१३ बारवर जातो, आणि बंद गाडी त्याहून कितीतरी अधिक तापते.

वेग मोजणे, तोही जवळजवळ फुकट

जुळवणीला हात घालण्यापूर्वी पिस्तुलाची आजची स्थिती लिहून काढणे आवश्यक आहे. पिस्तुलाच्या नळीच्या तोंडाला लावायचा छोटा वेगमापक मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणारे आणि आवाजाची आकृती दाखवणारे कोणतेही साधे ॲप पुरते. पिस्तूल टेकूवर ठेवून नळीच्या तोंडापासून लक्ष्यापर्यंत टेपने बरोबर १० मीटर मोजावेत, आणि मोबाइल बरोबर मध्यावर, नेमरेषेच्या पुष्कळ खाली जमिनीवर ठेवावा. नेम सुटल्याचा आणि पेलेट लक्ष्यावर आदळल्याचा, असे दोन्ही आवाज मोबाइलपर्यंत सारखेच अंतर कापून येतात, त्यामुळे त्यांच्यातील कालावधी हाच पेलेटच्या प्रवासाचा काळ ठरतो आणि आवाजाच्या वेगाचा हिशेब आपोआप वजा होतो. १० मीटरला त्या काळाने भागले की सरासरी वेग मिळतो: ०.०६६७ सेकंद आले तर १५० मीटर, ०.०६९० आले तर १४५. लक्ष्यामागे जाड लोखंडी पेलेट-पेटी असल्यास आदळण्याचा आवाज आकृतीत सुईसारखा स्पष्ट उमटतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हे काम रेंजवरच करावे. गच्ची किंवा सोसायटीची मोकळी जागा ही त्याची जागा नाही.

आता या आकड्यांचे महत्त्व किती, ते पाहू. हवेचा रोध बाजूला ठेवला तर १५० मीटर वेगाचे पेलेट १० मीटरमध्ये सुमारे २२ मिलिमीटर खाली येते आणि १४५ वेगाचे सव्वातेवीस. म्हणजे वेगात पाच मीटरचा चढउतार झाला तरी फरक दीड मिलिमीटरचा पडतो, तर लक्ष्यावरील दोन वर्तुळांमधले अंतर ८ मिलिमीटर असते आणि दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. ट्रिगर ओढताना मनगट किंचित कलले तर पेलेट याच्या कितीतरी पट दूर जाते. वेगाचे आकडे दुसऱ्या दशांशापर्यंत सुधारत बसणारे नेमबाज माझ्या मते चुकीच्या ठिकाणी घाम गाळतात. वेग मोजायचा तो बिघाड ओळखण्यासाठी.

रेग्युलेटर नसलेले पिस्तूल

स्वस्त पिस्तुलात सिलिंडरचा दाब थेट झडपेवर येतो. पूर्ण दाब असताना झडप इतकी घट्ट दाबलेली असते की तिच्यावर आदळणारी हातोडी तिला क्षणभरच उघडू शकते, आणि वेग कमी येतो. दाब उतरू लागला की झडप अधिक वेळ उघडी राहते, वेग चढतो, काही काळ स्थिर राहतो आणि शेवटी घसरतो. हा उंचवटा शोधणे हीच अशा पिस्तुलाची मुख्य जुळवणी. सिलिंडर पूर्ण भरून प्रत्येक पाचव्या नेमाचा वेग आणि गेजवरचा दाब शेजारी-शेजारी लिहीत जावे. समजा, १६० ते १०० बारच्या दरम्यान वेग तीन टक्क्यांच्या आत राहिला, तर गेजच्या काचेवर त्या दोन आकड्यांपाशी रंगाचे बारीक ठिपके द्यावेत आणि यापुढे सिलिंडर १६० लाच भरावा. १६० च्या वरचे पंपाचे सर्वांत जड हात त्यामुळे वाचतात, सीलवरचा ताण कमी होतो, आणि वाया जाणारे पहिले नेमही टळतात.

हातोडीच्या स्प्रिंगचा स्क्रू बाहेरून फिरवता येत असेल तर तो एका वेळी पाव वळसाच फिरवावा आणि प्रत्येक वेळी मूळ जागा वहीत लिहून ठेवावी. स्क्रू आवळत गेल्यावर एका ठिकाणी वेग वाढायचा थांबतो. तेथून पुढे केवळ हवा अधिक उधळली जाते. त्या ठिकाणापासून वेग दोन-तीन टक्के खाली येईल इतका स्क्रू सैल करून सोडून द्यावा. हवेची बचत आणि वेगाचा एकसारखेपणा हे दोन्ही तेथेच मिळतात.

रेग्युलेटर असलेले पिस्तूल

स्पर्धेच्या पिस्तुलात रेग्युलेटर निर्मात्याने बसवून दिलेला असतो, आणि तो चांगला चालत असेल तर त्याला हात लावण्याचे काहीच कारण नाही. तो चालतो की नाही, हे ओळखण्याची सोपी परीक्षा अशी: दहा नेम सलग मारून वेग लिहावा, पिस्तूल पंधरा मिनिटे तसेच ठेवावे आणि अकरावा नेम मारावा. हा अकरावा नेम इतरांपेक्षा चार-पाच मीटरने वेगवान आला आणि त्यानंतरचे पुन्हा पूर्ववत आले, तर रेग्युलेटरच्या बैठकीवर कण बसला आहे किंवा ती झिजली आहे, आणि दाब हळूहळू आत झिरपतो आहे असे निदान करावे. उलट नेमागणिक वेग उतरत असेल तर आधी सिलिंडरचा दाब पाहावा. सत्तरच्या खाली गेलेल्या सिलिंडरमुळे निर्दोष रेग्युलेटरवर उगाच आळ येतो.

उघडण्याची वेळ आलीच, तर सिलिंडर काढून, उरलेली हवा पेलेट न घालता नेम मारून संपवून, दाब शून्य झाल्याची खात्री करून मगच उघडावे. वॉशरांची चळत ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघते त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. ओ-रिंग शोधण्यासाठी परदेशी संच मागवण्यापूर्वी जुन्या रिंगचा आतला व्यास आणि जाडी व्हर्निअरने मोजून सातपूर-अंबडकडच्या हायड्रॉलिक साहित्याच्या दुकानात विचारावे. तेथे नायट्राइल रबराच्या ७० आणि ९० शोअर कडकपणाच्या रिंगा मिळतात, आणि उच्च दाबाच्या जागी ९० ची घ्यावी. फुगलेल्या जुन्या रिंगचे माप चुकीचे येते, म्हणून खाचेचेही माप घ्यावे. वंगण म्हणून शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा बोटाला जेमतेम जाणवेल एवढाच थर द्यावा. शिलाई मशीनचे तेल किंवा गंज सोडवण्याचा फवारा दाबाच्या बाजूला अजिबात नको, कारण अचानक दाबली गेलेली हवा तापून ते तेल पेटवू शकते.

गळती शोधताना सुटा सिलिंडर रात्रभर ठेवून सकाळी, त्याच तापमानाला, काटा पाहावा. खाली आला असेल तर सिलिंडर बादलीतल्या पाण्यात धरावा. बुडबुडा झडपेच्या मध्यातून येतो की गेजच्या कडेने, यावरून कोणती रिंग बदलायची ते ठरते. पिस्तूल मात्र पाण्यात घालायचे नाही, हे सांगावे लागू नये.

ट्रिगर आणि पेलेट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रिगरचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावे लागते. तपासणीचे अधिकृत वजन विकत घेण्याऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटलीला गुळगुळीत तारेची आकडी बांधून, सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या अचूक काट्यावर आकडीसकट एकूण ५१५ ग्रॅम भरेल इतके पाणी तिच्यात घालावे. नळी उभी धरून, पिस्तूल ताणलेले आणि हवा जोडलेली असताना, आकडी ट्रिगरच्या मध्याला लावून बाटली टेबलावरून अलगद उचलावी. ती झटका न देता उचलली गेली की स्पर्धेच्या तपासणीत अडकण्याची भीती उरत नाही. नेमके ५०० वर जुळवलेला ट्रिगर तपासणीच्या मेजावर दगा देऊ शकतो.

या वजनातील बराचसा भाग ट्रिगरच्या ओढीच्या पहिल्या टप्प्यावर ठेवावा आणि दुसऱ्या टप्प्याची भिंत बोटाला स्पष्ट जाणवेल अशी ठेवावी. स्क्रू मात्र एका वेळी एकच फिरवावा. पिस्तूल ताणून त्याला बाजूने तळहाताचा हलका धक्का द्यावा, आणि तेवढ्याने ते सुटले तर ट्रिगरच्या आतल्या खाचेची पकड धोकादायकरीत्या कमी झाली आहे असे समजून स्क्रू लगेच मागे घ्यावा.

पेलेट चपट्या तोंडाचेच घ्यावेत. महागडा डबा घेण्यापूर्वी क्लबमधल्या चौघांकडून प्रत्येकी पंधरा-वीस पेलेट मागून, शिकंज्यात धरलेल्या पिस्तुलातून ४.४९ आणि ४.५० अशा वेगवेगळ्या शिरोव्यासांचे पाच-पाच नेम मारून पाहावेत. जे लहान वर्तुळात बसतात तेच आपले, मग डब्यावरची किंमत काहीही असो. एकेक पेलेट वजन करून निवडण्याचा उद्योग प्रशिक्षणासाठी अनावश्यक आहे. शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

मुठीचे लाकूड हाताला बसत नसेल तर लाकडाची पुटी आणि पॉलिश पेपर यांवर होणारा थोडासा खर्च कोणत्याही नव्या सुट्या भागापेक्षा अधिक गुण मिळवून देतो. आणि हवेची सर्वांत मोठी बचत कोरड्या सरावात आहे. स्पर्धेच्या पिस्तुलात हवा न सोडता ट्रिगर सुटण्याची सोय असते, आणि घरी भिंतीवरच्या कोऱ्या कागदासमोर तासभर केलेल्या सरावाला ना पेलेट लागते ना पंप. पोलीस सेवेतून निवृत्त झालेले क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांच्या वास्तव्यामुळे आणि मार्गदर्शनामुळे या शहरातील नेमबाजीला मनाच्या तयारीची जी परंपरा लाभली, तिच्याशीही हा सराव सुसंगत आहे.

दीर्घकाळ पिस्तूल वापरायचे नसेल तर सिलिंडर पूर्ण रिकामा करू नये. चाळीस-पन्नास बार ठेवल्यास आतली रिंग जागेवर बसलेली राहते आणि दमट हवा आत शिरत नाही. मुदत संपलेला सिलिंडर मात्र कपाटात ठेवू नये आणि कोणाला फुकटही देऊ नये. त्यातील हवा पूर्णपणे सोडून, झडप काढून, आट्यांचा भाग करवतीने कापून तो निकामी करावा आणि मगच भंगारात घालावा.